पूजेला नेलेली डिस्क

लॅबचं दार उघडलं तेव्हा नागोराव आधीच आत होते. हातातल्या दस्तीने ते मेन मशीनचा डबा पुसत होते. दस्ती लाल झाली होती. क्षणभर मला ते रक्त वाटलं. ते कुंकू होतं.

"मॅडम, वानरं आली हुती," ते म्हणाले. "नारळासाठी."

टेबलावर केळीची सालं होती. कीबोर्डवर झेंडूची फुलं चुरगळून पडली होती. तांब्याचा कलश जमिनीवर आडवा होता आणि त्यातलं पाणी कुठे गेलं ते विचारायची गरज नव्हती. डब्याच्या वरच्या जाळीतून ते आत गेलं होतं. आमची काळी डिस्क टेबलाच्या पायाशी पालथी पडली होती.

"हे चालू केलंत का तुम्ही?" मी विचारलं.

"पुसून मंग केलं की. नुसतं बगावं म्हणलं, चालतंय का न्हाई. फट्‌कन आवाज आला. मंग बंद केलं बगा लगेच."

मी खुर्चीत बसले. नागोराव दस्ती पिळत उभे राहिले. 

तनया, मागच्या रविवारी तू फोनवर सांगितलंस, की तुझा लॅपटॉप बंद पडला, पण शाळेचं प्रोजेक्ट गेलं नाही, कारण ते क्लाउडवर होतं. मग तू विचारलंस, "आजी, तुझ्या कॉलेजात कधी कुणाचं गेलं होतं का?" तेवढ्यात मिहिरची पोहायला जायची वेळ झाली आणि फोन ठेवला. उत्तर राहून गेलं. ते इथे लिहिते आहे. बाबांकडून वाचून घ्या. त्यांनाही हे ठाऊक नाही.

मी तीसेक वर्षं सोनपेठकडच्या एका कॉलेजात इंग्रजी शिकवलं. घर परभणीत, नोकरी तिकडे. रोज सकाळची एसटी, संध्याकाळची एसटी. नोकरीची शेवटची काही वर्षं कॉम्प्युटर लॅबही माझ्याकडेच होती. मला कॉम्प्युटर येत होता म्हणून नव्हे. प्राचार्य म्हणाले, "मॅडम, त्याच्यावर सगळं इंग्रजीतच येतं. म्हणजे तुमच्याच डिपार्टमेंटचं झालं ते." यावर वाद घालण्यासारखं काही सुचलं नाही. मी परभणीत सुट्टीत कोर्स केला, वहीत नोट्स काढल्या आणि लॅबची किल्ली घेतली. लॅब अटेंडंट नागोराव माझ्याआधीपासून तिथे होते. ते पूर्वी सायन्सच्या लॅबमध्ये बेडूक आणि बरण्या सांभाळत. ते बंद झालं तेव्हा त्यांना कॉम्प्युटरकडे पाठवलं.

लॅबमध्ये बारा मशीन होती. त्यातली अकरा नुसती बसायची. फाईल कुठल्याही मशीनवर लिहा, ती जाऊन साठायची बाराव्यात. त्याला आम्ही मेन मशीन म्हणायचो. सोयीचं होतं, कारण मुलाला रोज तीच जागा मिळेल असं नव्हतं. पण याचा अर्थ असाही होता, की सगळ्या मुलांचं सगळं काम एकाच डब्यात होतं.

म्हणून बॅकअप. बॅकअप म्हणजे दुसरी प्रत, एवढंच. माझ्या नोट्समध्ये मी त्यापुढे एक ओळ लिहून लाल पेनाने अधोरेखित केली होती: ही प्रत मूळ प्रतीच्या शेजारी ठेवू नये. आग लागली, चोरी झाली, पाणी शिरलं, तर दोन्ही एकदम जातात. आमच्याकडे इंटरनेटची केबल रस्त्याच्या कामात तुटली होती आणि ती जोडायला कुणाला सवड नव्हती, त्यामुळे क्लाउड वगैरे विसरा. मी एक बाहेरची हार्ड डिस्क घेतली होती. साबणाच्या डबीएवढी, काळी. दर शनिवारी दुपारी मेन मशीनला जोडायची, सगळी फोल्डरं कॉपी करायची, डिस्क रुमालात गुंडाळून पर्समध्ये टाकायची आणि परभणीला घरी न्यायची. सोमवारी परत आणायची नाही. पुढच्या शनिवारीच आणायची.

या कामाचा दुसरा अर्धा भाग असा, की कॉपी झाली असं मशीन म्हणालं तरी विश्वास ठेवायचा नाही. घरी दुसऱ्या मशीनवर दोनतीन फाईली उघडून बघायच्या. उघडल्या तर प्रत चांगली.

मी दोनतीन उघडत नसे. बऱ्याच उघडत असे. आजोबांना जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. तुमचे बाबा कॅनडात होते, तुम्ही अजून लहान होतात. घरात चार खोल्या होत्या आणि मी दीड वापरत होते. शनिवारी संध्याकाळी जेवण सातला आटोपायचं, भांडी सव्वासातला. मग लॅपटॉप उघडून, डिस्क जोडून मी मुलांची प्रोजेक्टं वाचत बसायची.

प्रोजेक्ट म्हणजे बी.ए.च्या शेवटच्या वर्षाच्या मुलांनी आपल्या गावावर लिहिलेली वीस-पंचवीस पानं, मराठीत, टाईप केलेली. एका मुलाने गावातल्या बंद पडलेल्या पिठाच्या गिरणीवर लिहिलं होतं. एका मुलीने तिच्या चुलत्याच्या मेंढ्यांची नावं आणि स्वभाव लिहिले होते. कोणती मेंढी रुसते, कोणती दुसरीचं पिल्लू पाजते. ते वाचताना मी एकटी हसले होते आणि हसल्यावर घर किती शांत आहे ते कळलं होतं. अशी जी चांगली वाटली, ती मी लॅपटॉपवर उतरवून घेतली, मधल्या वारी पुन्हा वाचायला. हे नियमाला धरून नव्हतं. विद्यार्थ्यांचं काम कुणीही स्वतःच्या खासगी मशीनवर ठेवू नये, अशी नोटीस लॅबच्या दारावर मीच लावली होती, माझ्या सहीने.

आता खंडेनवमी. तुमच्याकडे हा दिवस नसतो. दसऱ्याच्या आदल्या दिवशी आपल्याकडे हत्यारांची पूजा करतात. हत्यार म्हणजे ज्याच्यावर पोट भरतं ते. शेतकरी विळा-कोयता मांडतो, शिंपी कात्री, ड्रायव्हर गाडी. आजोबा त्यांचे पाने-पकडी मांडायचे, शेजारी माझं फाऊंटन पेन. लॅबमध्ये नागोराव कॉम्प्युटरची पूजा करत. दरवर्षी करत होते, आणि मी दरवर्षी प्रसाद खाऊन घरी जात होते.

त्या वर्षी आदल्या दिवशी त्यांचा फोन आला.

"मॅडम, ती तुमची घरची काळी डबी उद्या घेऊन या."

"कशाला?"

"पूजेला. ते बी हत्यारच हाय की. बाकीच्या समद्याची पूजा हुतीय अन ती बिचारी तिकडं परभणीला कपाटात. बरं दिसतंय का ते?"

मी म्हणायला हवं होतं, की ती कपाटात राहते म्हणूनच तिचा उपयोग आहे. वहीतली लाल ओळ मला पाठ होती. पण मी म्हणाले, "आणते."

दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये सगळी मांडामांड झाली होती. मेन मशीनवर लाल फडकं, त्यावर कलश, कलशावर नारळ, बाजूला पाच केळी. मी डिस्क रुमालातून काढून नागोरावांना दिली. त्यांनी ती कलशाच्या शेजारी ठेवली आणि कुंकवाची डबी माझ्यासमोर धरली.

"लावा."

"तुम्हीच लावा नागोराव," मी म्हणाले. "मी कशी..."

विधवा बाईने पूजेला हात लावू नये असं अजून पुष्कळ ठिकाणी मानतात. आजोबा गेल्यापासून शेजारच्या घरी मला जेवायला बोलवत, पण हळदीकुंकवाला बोलवत नसत. मी त्याची सवय करून घेतली होती. इंग्रजी शिकवणाऱ्या बाईने असल्या गोष्टींचं वाईट वाटून घेऊ नये असं मी स्वतःला सांगत असे.

नागोरावांनी डबी मागे घेतली नाही. "हत्यार तुमचं हाय. मी कसा लावू? अन डबीला काय कळायलंय त्यातलं? लावा बिगीबिगी, धूप विझायलाय."

मी मेन मशीनला कुंकू लावलं. डिस्कला लावलं. मग त्यांनी हात जोडले, मीही जोडले. निघताना मी डिस्क उचलायला गेले तर ते म्हणाले, "आं, आं! पूजा उठवायची नसती मॅडम. दसरा हुईपर्यंत आसंच राहू द्यायचं." उद्या सुट्टी होती. परवा सकाळी उचलता आली असती. दोन रात्रींचा प्रश्न होता. धुपाचा धूर जावा म्हणून त्यांनी वरचा झरोका उघडा ठेवला, कुलूप लावलं आणि मी एसटीने घरी आले. खरं सांगायचं तर त्या दिवशी मी आनंदात होते. डिस्कचा विचार मनात आलासुद्धा नाही.

बाकीचं तुम्हाला ठाऊक आहे. झरोका, वानरं, नारळ.

आता काय पणाला लागलं होतं ते सांगते. त्या वर्गातली अकरा मुलं ऊसतोडीला जाणाऱ्या घरांतली होती. दसरा झाला की त्यांचे आईवडील ऊस तोडायला सांगली-कोल्हापूरकडे किंवा कर्नाटकात जातात, मुलंही बरोबर जातात, आणि उन्हाळा लागल्यावर परत येतात. त्यांना नेणाऱ्या माणसाला मुकादम म्हणतात. मुकादमाची गाडी कोजागिरीच्या आसपास यायची होती. म्हणून त्या अकरा जणांनी दसऱ्याआधी घाईने प्रोजेक्ट पूर्ण केलं होतं. प्रिंट काढून, बाइंडिंग करून, माझ्याकडे देऊन ते जाणार होते. प्रोजेक्ट नाही तर निकाल नाही. बाकीच्या वर्गाला दिवाळीपर्यंत वेळ होता. या अकरांकडे चार दिवस होते.

मी प्राचार्यांकडे गेले. त्यांनी शांतपणे ऐकलं.

"पण तुम्ही तर बॅकअप घेता ना, मॅडम?"

"घेते."

"मग?"

"तो पूजेला आणला होता."

त्यांनी चष्मा काढला. "कुणी आणला?"

नागोराव दाराशी उभे होते. "मी आणला सर," मी म्हणाले. खोटं नव्हतं ते.

दोन्ही वस्तू पिशवीत घालून मी परभणीला आले. स्टेशन रोडला दुरुस्तीचं दुकान चालवणाऱ्या माणसाने मेन मशीन उघडलं, वास घेतला आणि मान हलवली. पाणी वाळू दिलं असतं तर वाचलं असतं, म्हणाला. ओल्यावर करंट दिला, त्यात आतल्या डिस्कचं कार्ड जळलं. मग त्याने काळी डिस्क जोडली. ती टक, टक, टक असा आवाज करू लागली. डिस्कच्या आत एक चकती फिरते आणि एक बारीक सुई तिच्यावरून अक्षरं वाचते. पडल्यामुळे ती सुई बिघडली होती.

"पुण्याला पाठवावं लागंल मॅडम. दीडदोन महिने धरा. अन निघंलच असं न्हाई. काय होतं त्याच्यात? फोटो?"

"मुलांचं काम."

"लिहून काढा म्हणा पुन्हा," तो म्हणाला. त्यात वाईट हेतू नव्हता.

घरी येऊन मी लॅपटॉप उघडला. अकरापैकी चार फाईली त्यावर होत्या. पिठाची गिरणी होती. मेंढ्या होत्या. आणखी दोन होत्या. चारही शेवटच्या पानापर्यंत नीट उघडल्या. मी आधी सुटकेचा श्वास घेतला. मग मला कळलं, की वाचलेल्या आणि गेलेल्या फाईलींत फरक काय आहे. वाचलेल्या मला आवडल्या होत्या. उरलेल्या सात मी उघडून, पहिला परिच्छेद बघून बंद केल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी अकरा जणांना लॅबमध्ये बोलावलं आणि जे झालं ते सांगितलं. चार नावं वाचली. त्या चौघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि मग बाकीच्यांकडे बघायचं टाळलं.  उरलेल्या सातांतला एकजण पुटपुटला, "वानरांनी बी बरोबर आमचंच खाल्लं की." काही जण हसले. त्याने मला बरं वाटलं नाही.

मग मागच्या रांगेतून एक मुलगी उठली. तिचं नाव अनिता. तीन वर्षांत ती वर्गात किती वेळा बोलली ते मी बोटांवर मोजू शकले असते.

"मॅडम, माझी फाईल तुमच्या घरी न्हवती का?"

"नव्हती."

"त्यांची हुती?"

"हो."

"बरं," ती म्हणाली आणि बसली.

अकरा मशीन चालू होती, फक्त साठवण दुसऱ्या डब्यात करायची व्यवस्था मी केली. सहा जणांकडे कच्च्या वह्या होत्या. त्यांनी दिवसभर टाईप केलं. ज्यांचं वाचलं होतं ते चौघंही त्यांच्या मदतीला बसले, मी सांगितलं नव्हतं. नागोराव घरून पोह्यांचं भलं मोठं पातेलं घेऊन आले आणि कुणाशी न बोलता प्रत्येकाच्या शेजारी बशी ठेवत गेले. अनिताकडे वही नव्हती. कागद वाया जातो म्हणून तिने सगळं थेट मशीनवरच लिहिलं होतं. तिची पहिल्या दिवशी पाच पानं परत लिहून झाली. दुसऱ्या दिवशी आलीच नाही. त्यांच्या मुकादमाची गाडी दोन दिवस आधीच आली होती.

तिच्या मैत्रिणीकडून नंबर मिळाला. तीनदा लावल्यावर लागला. ट्रकचा आवाज येत होता.

"अनिता, पुढचं फोनवर सांगशील का? मी टाईप करते."

"तुमी?"

"मी."

"तुमाला मराठी टायपिंग येतंय?"

"येतं."

 "संध्याकाळी जमंल मॅडम. फडातून आल्यावर. साडेसातला."

पुढचे आठ दिवस रोज साडेसातला तिचा फोन आला. मी जेवण लवकर आटोपून लॅपटॉप उघडून बसायची, फोन स्पीकरवर ठेवायची. त्या आठ दिवसांत माझ्या घरात बैलांच्या घुंगरांचा आवाज असायचा, चुलीवर काहीतरी तडतडत असायचं, आणि मधूनच तिची आई ओरडायची, "आगं बस झालं की शाळा! भाकरी करपायलीय!" अनिता म्हणायची, "दोन मिन्टं, आई. मॅडम, कुठं हुतो आपण?" मी शेवटचं वाक्य वाचून दाखवायची. ती पुढचं सांगायची. पूर्णविरामसुद्धा सांगायची.

पहिल्याच दिवशी मी म्हणाले, "तुझ्या पाच पानांत सुरुवातीचं राहिलंय. 'मानवाला पाण्याची नितांत आवश्यकता असते'..."

"ते राहू द्या मॅडम. ते गाईडातलं हुतं. पान भरायला टाकलं हुतं. माझं त्याच्या म्होरं सुरू हुतंय."

मी त्या वाक्यालाच फाईल बंद केली होती.

तिचं प्रोजेक्ट तिच्या वस्तीवरच्या हातपंपावर होतं. पंपापाशी हंड्यांची रांग लागते. तासन्‌तास उभं राहायला बायकांना वेळ नसतो, म्हणून प्रत्येक घराचा एक दगड असतो. कुणाचा चपटा, कुणाचा गेरूची रेघ मारलेला. दगड रांगेत ठेवून बाई कामाला जाते. दगडाचा नंबर आला की शेजारीण हाक मारते. एकमेकींशी बोलत नसलेल्या बायकाही दगडाला हात लावत नाहीत. घरं उसाला गेली की त्यांचे दगड उचलून भिंतीशी मांडून ठेवतात, ज्या क्रमाने होते त्याच क्रमाने. उन्हाळ्यात माणसं आली की दगड परत रांगेत. कुठल्या साली कुणाचा दगड भिंतीशीच राहिला, ते घर परत का आलं नाही, तेही तिने विचारून लिहिलं होतं. एका म्हातारीचा दगड तिच्या मागे कुणी काढला नव्हता. तिचा नंबर आला की बायका तो पुढे सरकवत आणि एक हंडा भरून पंपामागच्या कडुनिंबाला घालत.

इथे माझे हात थांबले.

"मॅडम? लाईन गेली का?"

"नाही. सांग."

"आमचा दगड अकरावा हाय," ती म्हणाली. "आत्ता भिंतीला असंल."

पाचव्या की सहाव्या दिवशी काम लवकर झालं. फोन ठेवायच्या आधी तिने विचारलं, "मॅडम, एक विचारू? माझीच का न्हवती तुमच्या घरी?"

मला दुसरं काही सांगता आलं असतं. जागा नव्हती, वेळ नव्हता, कॉपी करायची राहिली. "मी पहिला परिच्छेद वाचला आणि बंद केली," मी म्हणाले. "मला वाटलं पुढेही तसंच असेल."

 मग ती हसली. तिला हसताना मी कधीच ऐकलं नव्हतं.

"मी बी तेवढंच वाचलं आसतं, मॅडम."

"तुला राग नाही आला?"

"आलता की. ट्रकात बसल्यावर लय आलता." मग म्हणाली, "आता तुमाला रोज बोलायलेय, तर किती दिवस धरू?"

आठव्या दिवशी शेवटचं पान झालं. मी सगळं वाचून दाखवलं. तिने दोन ठिकाणी मला दुरुस्त केलं. मी तिची वाक्यं नकळत गुळगुळीत केली होती. "तसं न्हाई बोलत आमी," ती म्हणाली. मी तिचं होतं तसं ठेवलं. प्रिंट काढली, बाइंडिंग केलं, दिवाळीच्या सुट्टीआधी जमा केलं. अकरा प्रोजेक्टं पूर्ण झाली. कुणाचं वर्ष गेलं नाही. प्राचार्य म्हणाले, "चला, निभावलं." मीही म्हणाले, निभावलं.

नवव्या दिवशी साडेसातला मी लॅपटॉप उघडून बसले होते. फोन आला नाही. यायचं कारणही नव्हतं. काम संपलं होतं, आणि तिला भाकरी करायच्या होत्या. आठ वाजता मी लॅपटॉप बंद केला. नुसती सवय होती, पण त्यानंतरचे बरेच दिवस त्या वेळी मला घरात काय करावं ते सुचत नसे. तिला आपण होऊन फोन करावा असं दोनतीनदा वाटलं. विचारायला काही नव्हतं, म्हणून केला नाही. उन्हाळ्यात ती निकाल न्यायला आली तेव्हा मी एका मीटिंगसाठी परभणीत होते. नागोरावांनी तिला निकाल दिला. "पास झाली," त्यांनी सांगितलं. "तुमाला नमस्कार सांगितलाय." सध्या ती कुठे असते मला माहीत नाही.

कामाचं म्हणाल तर मी पद्धत बदलली. तीन प्रती ठेवायला लागले: एक मशीनमध्ये, एक प्राचार्यांच्या कपाटात, एक घरी. घरची प्रत आणि कॉलेजातली प्रत शनिवारची कॉपी सोडली तर एका छपराखाली एक तासही ठेवायची नाही, सणाला नाही आणि कुणी कितीही प्रेमाने बोलावलं तरी नाही. ओलं झालेलं मशीन चालू करून बघायचं नाही, ही ओळ मी नागोरावांकडून मोठ्या अक्षरात लिहून भिंतीवर लावून घेतली. पुढच्या खंडेनवमीला त्यांनी डिस्कचं रिकामं खोकं पूजेला ठेवलं आणि कुंकवाची डबी पुन्हा माझ्यासमोर धरली. मी खोक्याला कुंकू लावलं. नारळ त्यांनी लगेच फोडून वाटून टाकला.

तुम्ही मोठे व्हाल तेव्हा हे सगळं आपोआप होत असेल. मशीन रात्रंदिवस सगळ्यांचं सगळं कॉपी करतं, चांगलं-वाईट बघत नाही, आणि तेच बरोबर आहे. मी बघितलं, म्हणून सात जणांचं गेलं. तेव्हा ज्याच्याकडे दुसऱ्यांचं काम जपायचं काम आहे, त्याने ते वाचत बसू नये. आणि घरात दुसरं कुणी नाही म्हणून बसलंच, तर प्रत्येकाचं शेवटच्या पानापर्यंत वाचावं.